शेजारच्या आसनाचा हक्क

सूरह अन्-निसाच्या ३६ व्या आयतीत अल्लाहने आपल्या उपासनेच्या आदेशाला लागूनच माणसांच्या हक्कांची एक यादी दिली आहे. माता-पिता, नातेवाईक, अनाथ, गरजू, नात्यातील शेजारी, परका शेजारी, आणि त्यानंतर ‘अस्साहिबु बिल्-जम्ब’. शब्दशः अर्थ घ्यायचा तर आपल्या कुशीला, बाजूला असलेला सोबती. त्याच्यापुढे वाटसरूचा उल्लेख येतो. म्हणजे हा सोबती शेजारी आणि वाटसरू यांच्या मधोमध उभा आहे.

हा कोण, याविषयी भाष्यकारांची मते निरनिराळी आहेत. ह. अली (रजि.) आणि ह. इब्ने मसऊद (रजि.) यांच्याकडून पत्नी असा अर्थ सांगितला गेला आहे. ह. इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडून प्रवासातील सोबती असा अर्थ आला आहे. इमाम तबरी यांनी दोन्ही अर्थ सामावून घेतले: जो कोणी बाजूला आहे, त्या प्रत्येकाचा हा हक्क. नजीकच्या काळातील मुफ्ती मुहम्मद शफी यांनी हाच धागा रेल्वे आणि मोटारीपर्यंत आणला. शेजारी बसलेल्याच्या तोंडावर सिगारेटचा धूर सोडणे, पानाची पिचकारी त्याच्याकडे टाकणे, ऐसपैस बसून त्याची जागा आवळणे या गोष्टी त्यांनी याच आयतीखाली मोजल्या आहेत. तफसीरच्या ग्रंथात पानाची पिचकारी यावी याचे कोणाला आश्चर्य वाटेल. परंतु धर्माचे आदेश अखेर अशाच जागी येऊन कसाला लागतात.

आपल्या सोलापूरच्या वाचकांना हा सोबती सर्वांत जवळून भेटतो तो जेद्दाहहून मुंबईला येणाऱ्या रात्रीच्या विमानात. एका बाजूला उमराह करून परतणारी वृद्ध मंडळी, दुसऱ्या बाजूला दोन-दोन वर्षे घर न पाहिलेले गवंडी, वाहनचालक, स्वयंपाकी. १९९५ पर्यंत हजचे यात्रेकरू मुंबईहून जहाजानेही जात असत. त्या प्रवासात दिवसांमागून दिवस जात, अनोळखी माणसे एका दस्तरखानावर बसत आणि उतरताना एकमेकांच्या गावांचे पत्ते घेत. विमानाचा प्रवास पाच-साडेपाच तासांचा. त्यातला बराचसा वेळ दिवे मालवलेले असतात. नाव विचारायलाही सवड मिळत नाही. ओळख होण्याची वाट पाहिली, तर हा हक्क कधीच अदा व्हायचा नाही. तो ओळखीशिवायच द्यावा लागतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी प्रवासाला यातनेचा एक तुकडा म्हटले आहे, कारण तो माणसाचे अन्न, पाणी आणि झोप हिरावतो. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. आपण ती बहुधा स्वतःच्या थकव्याच्या संदर्भात आठवतो. पण शेजारचाही तितकाच भुकेला आणि तितकाच जागा असतो. ह. उमर (रजि.) यांच्यापुढे एकाने दुसऱ्याच्या सच्चेपणाची ग्वाही दिली, तेव्हा त्यांनी जे प्रश्न विचारले त्यांत एक हा होता, की तू त्याच्यासोबत प्रवास केला आहेस काय? मशिदीतील ओळख त्यांनी पुरेशी मानली नाही.

काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका रात्री तीन आसनांच्या रांगेत कडेची जागा माझी होती. मध्ये सोलापूरचे एक चाचा, यंत्रमागावर आयुष्य घालवलेले, पहिलाच उमराह करून परतणारे. खिडकीशी पंचविशीतला एक तरुण. त्याने जेवणाचा ट्रे न उघडताच परत केला. चाचांनी त्याला काही विचारले नाही. पिशवीतून खजुराची पुडी काढली, एक स्वतः खाल्ला आणि पुडी दोघांच्या मधल्या हातावर ठेवून तसबीह फिरवीत बसले. बऱ्याच वेळाने मुलाने हात पुढे केला. फोनवर गावाकडचे कोणाचे तरी नाव पाहून की काय, चाचा त्याच्याशी कन्नडमध्ये बोलले. सोलापुरात मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू या चारही भाषा एकाच गल्लीत कानी पडतात. मागाच्या कारखान्यात तर माणूस त्या न शिकताच शिकतो. कन्नड ऐकताच मुलगा रडू लागला. तो अक्कलकोट तालुक्यातील लिंगायत कुटुंबातला. वडील आदल्या दुपारी वारले होते, सोबतच्या कामगारांनी वर्गणी काढून तिकीट दिले होते, आणि घरच्यांनी संध्याकाळपर्यंत माती थांबवली होती. सकाळी मुंबईत उतरून त्याच दिवशी गाव कसे गाठायचे, हे त्याला कळत नव्हते. सिद्धेश्वर एक्स्प्रेस तर रात्रीची.

चाचांना घ्यायला घरची मंडळी गाडी करून आली होती. गाडीत एकही जागा रिकामी नव्हती. चाचांनी पुतण्याला बाजूला घेऊन दोन वाक्ये सांगितली; पुतण्या उतरला आणि रात्रीच्या रेल्वेने यायला मागे राहिला. पुढचे मला याच पुतण्याकडून नंतर कळले. गाडी सोलापुरात थांबलीच नाही. घरी हार घेऊन पाहुणे बसले असताना ती थेट अक्कलकोटच्या रस्त्याला लागली आणि पाच वाजण्यापूर्वी मुलाच्या दारात पोहोचली. मातीला त्याचा हात लागला. चाचा मगरिबनंतर आपल्या मोहल्ल्यात आले आणि प्रवासातून परतल्यावर आधी मशिदीत दोन रकअत पढण्याच्या सुन्नतीप्रमाणे तिकडे वळले.

सहीह मुस्लिममध्ये ह. अबू सईद खुदरी (रजि.) यांनी सांगितलेली हदीस आहे. एक मनुष्य आपल्या उंटावरून आला आणि उजवीकडे-डावीकडे पाहू लागला. त्याने तोंडाने काही मागितले नव्हते. प्रेषितांनी (स.) उपस्थितांना सांगितले, की ज्याच्यापाशी जादा वाहन असेल त्याने ते वाहन नसलेल्याला द्यावे, आणि ज्याच्यापाशी जादा शिधा असेल त्याने तो शिधा नसलेल्याला द्यावा. चाचांच्या गाडीत जादा काहीच नव्हते, ते त्यांना निर्माण करावे लागले. सूरह अल्-मुजादलाच्या ११ व्या आयतीत बैठकीत जागा करून देण्याचा जो आदेश आहे, तो इथे आठवतो.

हा हक्क केवळ मुस्लिम सोबत्याचा आहे काय, असे कोणी विचारील. आयतीत तशी अट नाही. हिजरतच्या प्रवासात, जिवावर बेतलेले असताना, वाटाड्या म्हणून ज्याच्यावर भरवसा ठेवला गेला तो अब्दुल्लाह बिन उरैकित त्या वेळी मुसलमान नव्हता. ह. इब्ने मसऊद (रजि.) यांचे शिष्य अल्कमा सांगतात, की वाटेत काही बिगरमुस्लिम जमीनदार त्यांच्यासोबत चालले आणि वेगळ्या रस्त्याला लागले, तेव्हा इब्ने मसऊद यांनी त्यांना मागून सलाम केला. विचारल्यावर त्यांनी सोबतीच्या हक्काचे कारण दिले.

आजकाल दाढी किंवा हिजाब पाहून शेजारचा प्रवासी अंग आखडून बसतो, असा अनुभव अनेक जण सांगतात. ते दुखते, हे खरे. तरीही आपल्या समाजाची प्रतिमा सुधारावी या हेतूने चांगले वागणे मला अपुरे वाटते. प्रतिमेसाठी केलेले वागणे समोरच्याने दाद दिली नाही की संपते. हक्क मात्र त्याने तोंड फिरवले तरी शिल्लक राहतो.

याचा अर्थ भोळेपणा नव्हे. विमानतळावर अनोळखी माणसाने ‘एवढे पुडके घेऊन जा’ म्हटले, तर नम्रपणे व ठामपणे नकार द्यावा. आखाती देशांत अमली पदार्थांचे कायदे अत्यंत कठोर आहेत, आणि स्वतःच्या हाताने स्वतःला विनाशात लोटू नये हाही कुरआनचाच आदेश आहे. आपली बहीण किंवा आई परपुरुषाशेजारी बसण्याने अवघडत असेल, तर कर्मचाऱ्यांना आधीच सांगून जागा बदलून घ्यावी. त्या माणसाला अपमान वाटेल असा गाजावाजा करू नये. सोबत्याला त्याचा पगार विचारू नये.

वुजूचेही तेच. विमानातील न्हाणीघर अतिशय अरुंद असते. पाणी बेताने वापरावे आणि ओली झालेली जमीन कागदाने पुसूनच बाहेर यावे. नंतर येणाऱ्याचे मोजे भिजवून वुजू पूर्ण होत नाही, असे मी म्हणणार नाही, पण त्याचा त्रास आपल्या नावे लिहिला जातो. पूर्वेकडे येताना घड्याळ अडीच तास पुढे सरकते आणि रात्र तितकीच आखूड होते. फज्रची वेळ आकाशातच सुरू होते आणि अनेकदा आकाशातच संपते. जेद्दाहची वेळ चालत नाही, मुंबईचीही नाही. खिडकीतून दिसणारे क्षितिज पाहावे. उभे राहून नमाज पढता येईल अशी जागा कर्मचाऱ्यांना विचारून घ्यावी. पट्टे बांधण्याची सूचना असेल किंवा परवानगी मिळाली नाही, तर बसून पढलेल्या नमाजविषयी काय करावे, हे निघण्यापूर्वीच आपल्या आलिमांना विचारून ठेवावे. चेक-इनच्या वेळी कडेची जागा मागावी. ती मिळाली नाही, तर दिवे मालवण्याआधीच कडेला बसलेल्या माणसाला सांगावे की पहाटे आपल्याला एकदा उठावे लागेल.