स्पोक वाजतोय? आधी ताण पाहा

प्रश्न : सायकलचं मागचं चाक थोडं आऊट आहे, चढावर स्पोक टिकटिक वाजतात. तेल पुरेल का?

उत्तर : एकट्या तेलाने भागणार नाही, कारण आऊट आणि आवाज यांचं मूळ बहुधा एकच असतं : सैल स्पोक. जमिनीलगत आलेल्या स्पोकचा ताण क्षणभर उतरतो. आधीच सैल असलेला तिथे पार ढिला पडतो आणि शेजारच्या स्पोकवर घासून वाजतो. एकेका बाजूचे स्पोक बोटाने छेडा. ज्याचा सूर खाली, तो सैल. (गिअरकडचे मुळातच जास्त ताणलेले असतात, त्यांची डाव्यांशी तुलना नको.) ब्रेकच्या रबराजवळ नजर ठेवून चाक फिरवा. रिम उजवीकडे येते तिथले डावे स्पोक पाव फेरा आवळा. ते आधीच घट्ट असतील तर उजवे तेवढेच सोडा. जिथे स्पोक एकमेकांना छेदतात तिथे तेलाचा थेंब सोडला की आवाज थांबतो, हे खरं. पण ताण बरोबर असेल तरच. नाहीतर इशारा तेवढा दबतो आणि स्पोक हबजवळच्या वाकणावर तुटतो. मग सगळेच करकचून आवळावेत? मुळीच नाही, निपलच्या भोकांशी रिमला तडे जातात. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या फेरीत टणटण ऐकू आलं, तर आवळताना स्पोकला बसलेला पीळ सुटतोय. आऊट पुन्हा तपासा.