हुकूम हातापर्यंत कसा पोहोचतो?

उर्दूची वही लिहिताना तुमचा हात उजवीकडून डावीकडे जातो. मराठीची वही उघडली, की तोच हात डावीकडून उजवीकडे चालू लागतो. हे त्याला कोण सांगते?

हा हुकूम मेंदू देतो. मेंदूचा निरोप पाठीच्या कण्यातील मेरुरज्जूत येतो. तेथून तो चेतातंतूंवाटे हाताच्या स्नायूंकडे धावतो. चेतातंतू म्हणजे निरोप नेणारे अतिशय बारीक धागे. त्यांतून निरोप विजेच्या सूक्ष्म लहरीच्या रूपाने जातो.

पण येथे एक गंमत आहे. चेतातंतूचे टोक स्नायूला चिकटलेले नसते. दोघांमध्ये एक फट असते. ती एका मिलिमीटरच्या सुमारे २०,००० व्या भागाइतकी अरुंद असते. या जागेला संपर्कस्थान म्हणतात. विजेची लहर येथे येऊन थांबते. मग निरोप पलीकडे जातो कसा?

समजा, एक निरोप्या धावत नदीकाठी आला. नदीवर पूल नाही. तो काय करील? नावेतून निरोप पाठवील. आपल्या शरीरातही असेच घडते. चेतातंतूच्या टोकात अतिसूक्ष्म पिशव्या असतात. त्यांत अ‍ॅसिटिलकोलीन नावाचे रसायन भरलेले असते. लहर येताच पिशव्या उघडतात व रसायन फटीत उतरते. हीच आपली नाव! पलीकडे स्नायूवर या नावेसाठी ठरावीक घाट असतात. नाव घाटाला लागली, की स्नायू आकुंचन पावतो आणि बोट हलते. लगेच दुसरा एक पदार्थ त्या रसायनाचे तुकडे करतो व घाट मोकळा होतो. निरोप फट ओलांडतो, त्याला एका सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही.

चेतातंतू रसायनाच्या मदतीने निरोप देतात, हे १९२१ साली ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने ऑस्ट्रियात दाखवून दिले. त्याने बेडकांची दोन हृदये घेतली. पहिल्या हृदयाच्या चेतातंतूला विजेने चेतवले, तेव्हा त्याची गती मंदावली. मग त्या हृदयातील द्रव त्याने दुसऱ्या हृदयाला दिला. त्याला चेतातंतू जोडलेला नव्हता, तरी तेही मंदावले! म्हणजे निरोप त्या द्रवातूनच आला होता. लोवी आणि हेन्री डेल यांना १९३६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

ही फट लहान आहे. पण आपला जीव तिच्यावर अवलंबून आहे. नागाच्या विषातील काही द्रव्ये स्नायूवरील घाट अडवून बसतात. मण्यारचे विष चेतातंतूची टोकेच निकामी करते. मेंदू हुकूम देत असतो, स्नायूही धडधाकट असतात. पण निरोप पोहोचत नाही. आधी पापण्या जड होतात, मग बोलणे व गिळणे अवघड होते आणि शेवटी श्वास थांबू लागतो.

मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. वेदना आणि सूज फारच थोडी असते. म्हणून घरचे लोक गाफील राहतात. तुम्ही तसे राहू नका. जखम कापू नका, विष तोंडाने ओढू नका, घट्ट दोरी बांधू नका, मंत्रतंत्रात वेळ घालवू नका. रुग्णाला धीर द्या, हलू देऊ नका आणि ताबडतोब दवाखान्यात न्या. तेथे सर्पविषावरील लस टोचतात. गरज पडल्यास यंत्राने श्वास चालू ठेवतात. चेतातंतूंची टोके हळूहळू पुन्हा बरी होतात. तोपर्यंत श्वास चालू राहिला, तर माणूस वाचू शकतो.

आता पेन उचला आणि आपले नाव लिहा. एवढ्या वेळात किती नावा पैलतीराला लागल्या असतील, याचा जरा विचार करा!

स्वाध्याय
१. संपर्कस्थान म्हणजे काय?
२. लोवीने दुसऱ्या हृदयाला पहिल्या हृदयातील द्रव का दिला असेल?
३. साप चावल्यास कोणत्या गोष्टी करू नयेत?
४. 'निरोप', 'गाफील' व 'धीर देणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.