पेशीची मोडतोड आणि कर्करोग

घरातील धान्य संपले, हाती पैसा नाही, तर माणूस काय करील? अडगळीतली फुटकी भांडी मोडीत घालील. आपल्या शरीरातील पेशीही असेच करते. अन्न कमी पडले, की ती आपल्यातलीच जीर्ण प्रथिने व निकामी तंतुकणिका एका पिशवीत गुंडाळते. ही पिशवी लयकारिकेला जाऊन मिळते. तेथील विकरे त्या मालाचे तुकडे करतात आणि ते तुकडे पुन्हा वापरले जातात. या क्रियेला ख्रिस्तियान द दूव्ह यांनी १९६३ साली ‘ऑटोफॅजी’, म्हणजे स्वभक्षण, हे नाव दिले. यीस्टवर प्रयोग करून तिची जनुके शोधणारे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पण ही क्रिया केव्हा चालू करायची, हे कोण ठरवते? यात अर्बुदरोधक जनुकांचा मोठा वाटा आहे. पेशींच्या बेसुमार वाढीला आळा घालणारी ही जनुके. त्यांपैकी ‘पीटेन’ पाहा. वाढीचा संदेश आला, की ‘एमटॉर’ हे प्रथिन जागे होते व स्वभक्षण थांबवते. पीटेन हा संदेशच दाबून टाकते. ऋण गुणिले ऋण म्हणजे धन. तसेच रोधकाला रोध म्हणजे चालना!

दुसरे जनुक ‘बेक्लिन-१’. स्वभक्षणाची पिशवी तयार होण्यास ते लागते. पेशीत त्याच्या दोन प्रती असतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत एक प्रत काढून टाकलेल्या उंदरांमध्ये अर्बुदे अधिक आढळली. याचे एक कारण असे, की निकामी तंतुकणिका साचून राहिल्या, तर त्यांतून निघणारे ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू डीएनएला इजा करतात.

मग स्वभक्षण वाढवले, की कर्करोग बरा होईल काय? नाही. अर्बुद मोठे झाले, की त्याच्या आतल्या पेशींना पुरेसे रक्त मिळत नाही. अशा वेळी त्या याच क्रियेवर तग धरतात. म्हणून लयकारिकेचे काम अडवणारे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मलेरियावरील औषध कर्करोगाच्या रुग्णांवरही तपासून पाहण्यात आले आहे. रोग होऊ नये म्हणून जी क्रिया हवी, तीच रोग झाल्यावर शत्रूला साथ देऊ शकते.

आता पीटेनची साखळी वहीत काढा व प्रत्येक पायरीपुढे धन किंवा ऋण चिन्ह लिहा. पीटेन बिघडले, तर स्वभक्षण वाढेल की घटेल?