नीटच्या तिसऱ्या प्रयत्नाआधी : नर्सिंग होममधील रुग्णनोंदींचे काम

नर्सिंग होममध्ये दाखल झालेल्या रुग्णाची तक्रार, तपासण्या, डॉक्टरांच्या सूचना, दिलेली औषधे, ताप-नाडी-रक्तदाबाचा तक्ता, संमतिपत्र आणि डिस्चार्ज कार्ड मिळून त्याची नोंद तयार होते. फाइलऐवजी ती संगणकावर ठेवली की इलेक्ट्रॉनिक रुग्णनोंद. कोल्हापुरात राजारामपुरी, शाहूपुरी, ताराबाई पार्क या भागांत लहान-मध्यम खासगी रुग्णालये दाटीने आहेत. तेथे कोकणातून आणि निपाणी-चिकोडीकडूनही रुग्ण येतात. पुढचे उपचार गावच्या डॉक्टरांकडे होतात, तेव्हा त्या डॉक्टरांना आधार असतो तो या नोंदीचाच.

बारावीनंतरच्या चर्चेत हे काम कोणी काढत नाही. तेथे एकच नाव असते, नीट. २०२४ मध्ये ही परीक्षा २३ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी दिली. देशातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आत होत्या. अभ्यास अपुरा राहिला असेल तर दुसरा प्रयत्न रास्त आहे. मुलाची इच्छा नसताना केवळ पालकांच्या हट्टापायी होणारा तिसरा प्रयत्न मात्र त्याचे वय आणि आत्मविश्वास दोन्ही खातो. बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी, फार्मसी हे मार्ग घरोघरी ठाऊक आहेत. रुग्णनोंदीचे काम तसे ठाऊक नाही.

या कामाला कायद्याचा आधार जुना आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने दाखल रुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायला आणि मागितल्यास ७२ तासांत द्यायला सांगितले. नोंदी संगणकावर आणण्याचा प्रयत्न करावा, असेही त्यात आहे. केंद्राने इलेक्ट्रॉनिक नोंदींची मानके २०१३ मध्ये काढली आणि २०१६ मध्ये सुधारली. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्यातील १४ अंकी ‘आभा’ क्रमांकाने रुग्णाच्या वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदी त्याच्या संमतीने जोडता येतात. कागदी नोंदींना पुराचाही धोका असतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी कोल्हापुरात शिरले. अशा शहरात तळमजल्यावर कागदांचे गठ्ठे ठेवणे धोक्याचेच आहे.

प्रत्यक्ष काम केवळ टायपिंगचे नाही. रुग्णाला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे हे दाखल करतानाच नोंदवले, तरच औषध लिहिताना संगणक सावध करू शकतो. एकाच नावाचे दोन पाटील एकाच वॉर्डात असले, तर नावावर विसंबून चालत नाही. नोंदणी क्रमांक आणि जन्मतारीख ताडून पाहावी लागते. इंजेक्शन दिल्याची वेळ तिथल्या तिथे टाकायची असते, ड्युटी संपताना आठवून नव्हे. कालची नोंद आज जशीच्या तशी चिकटवणे आणि एकाच पासवर्डवर सगळ्यांनी काम करणे या दोन सवयी सर्वांत घातक आहेत. वीज किंवा इंटरनेट गेले, तर कागदावर लिहून नंतर नोंद पूर्ण करावी लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि कॅशलेस विमा यांत उपचारापूर्वीची मंजुरी ऑनलाइन घ्यावी लागते. एखादा अहवाल राहिला की शंका निघते आणि पैसे अडकतात.

म्हणून येथे सर्वांत उपयोगी ठरते ती वॉर्ड कळणारी आणि संगणकावर हात बसलेली व्यक्ती. त्यासाठी सर्वांत भक्कम पाया नर्सिंगचा. जीएनएम तीन वर्षांचे, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचे. ‘मुलगी सिस्टर होणार का?’ असे नाक मुरडून विचारणारे पालक स्वतःच्या घरातला माणूस दाखल झाला की त्याच सिस्टरच्या भरवशावर झोपतात. हा दुटप्पीपणा सोडला पाहिजे. मुलग्यांसाठीही हा मार्ग खुला आहे.

दुसरा मार्ग आरोग्य माहिती व्यवस्थापनाचा. सहयोगी आरोग्य व्यवसायांच्या २०२१ च्या राष्ट्रीय कायद्याने या कामाला स्वतंत्र व्यावसायिक गटाचे स्थान दिले आहे. या विषयाच्या अभ्यासक्रमात आजारांचे आयसीडी संकेतांक लावणे, नोंदी तपासणे आणि जतन करणे शिकवले जाते. काही आठवड्यांत ‘हेल्थकेअर एआय तज्ज्ञ’ बनवण्याच्या जाहिरातींवर मात्र पैसे घालू नयेत. प्रवेशापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात : अभ्यासक्रमाला विद्यापीठाची किंवा परिषदेची मान्यता आहे का, रुग्णालयात प्रत्यक्ष प्रशिक्षण किती मिळते आणि आधीच्या तुकडीतले विद्यार्थी कोठे काम करतात.

लहान नर्सिंग होममध्ये सुरुवातीचा पगार बेताचा असू शकतो, आणि रिसेप्शनपासून क्लेमपर्यंत सगळी कामे एकाच माणसाच्या गळ्यात पडू शकतात. अनुभवानंतर मोठ्या रुग्णालयाचा नोंदी विभाग, विमा कंपनी, गुणवत्ता मानांकनाचे काम किंवा सॉफ्टवेअर कंपनी असे रस्ते फुटतात. हे काम नेटके अक्षर, वेळेची शिस्त आणि तोंड बंद ठेवण्याची सवय असणाऱ्यांचे आहे. रुग्णाचा एचआयव्ही अहवाल किंवा गर्भपाताची नोंद शेजाऱ्याला सांगणे हा त्या रुग्णाचा विश्वासघात आहे, आणि डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ नेही अशी माहिती सांभाळण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली आहे. ज्याला हे पाळणे जमणार नाही, त्याने या वाटेला जाऊ नये. ज्याला जमेल, त्याला पालकांनी अडवू नये.