मासळीतले फॉर्मेलिन कसे शोधतात?



जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचेच्या बरणीत ठेवलेला बेडूक किंवा मासा तुम्ही पाहिला असेल. तो वर्षानुवर्षे कुजत नाही, कारण तो फॉर्मेलिनमध्ये बुडवलेला असतो. फॉर्माल्डिहाइड हा वायू पाण्यात विरघळवला की फॉर्मेलिन तयार होते. बाजारातल्या फॉर्मेलिनमध्ये त्याचे प्रमाण सुमारे ३७ टक्के असते. ते प्रथिनांना एकमेकांशी जखडून टाकते, त्यामुळे जिवाणूंना मांस कुजवता येत नाही. बरणीसाठी हे उत्तम, पण ताटातल्या मासळीत ते घालण्यास कायद्याने मनाई आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातले.

गोव्यात काय घडले?

१२ जुलै २०१८ रोजी पहाटे अन्न व औषध प्रशासनाने मडगावच्या घाऊक मासळी बाजारात परराज्यांतून आलेल्या मासळीची तपासणी केली. जागच्या जागी केलेल्या चाचणीत फॉर्मेलिन असल्याचे दिसले. नंतर प्रयोगशाळेच्या तपासणीवरून, प्रमाण मर्यादेत आहे, असे सांगण्यात आले. मग खरे काय? लोक गोंधळले, मासळी घ्यायला कचरू लागले. १८ जुलै रोजी मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांनी परराज्यांतील मासळीच्या आयातीवर पंधरा दिवसांची बंदी जाहीर केली.

हे जुलैमध्येच का घडले, तेही पाहा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. पूर्व किनाऱ्यावरची बंदी मात्र १४ जूनला संपते. म्हणून या दिवसांत आपल्याकडे मासळी लांबून, ट्रकांतून येते. प्रवास लांबला आणि बर्फ कमी पडला, की रसायनाचा मोह होतो.

दोन चाचण्या, दोन कामे

पहिली झटपट चाचणी. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने यासाठी कागदी पट्टीचा संच तयार केला आहे. पट्टी माशावर घासायची, तिच्यावर रसायनाचा थेंब टाकायचा आणि आलेला रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. काही मिनिटांत संशयित माल वेगळा काढता येतो. पण पदार्थ नेमका किती आहे, हे पट्टी सांगत नाही.

दुसरी प्रयोगशाळेतील चाचणी. माशाचे मांस वाटून, आम्ल घालून ऊर्ध्वपातन करतात. फॉर्माल्डिहाइड वाफेबरोबर बाहेर पडते. जमा झालेल्या द्रवात ॲसिटिलॲसिटोन आणि अमोनियम ॲसिटेट घातले, की पिवळा रंग येतो. प्रमाण जितके जास्त, तितका रंग गडद. वर्णमापक यंत्रात ४१२ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश त्यातून सोडून किती शोषला गेला ते मोजतात. आधी माहीत प्रमाणाच्या द्रावणांचा आलेख काढलेला असतो, त्यावरून उत्तर मिळते. ते मिलिग्रॅम प्रति किलोग्रॅममध्ये लिहितात. एका किलोत दहा लाख मिलिग्रॅम असतात, म्हणजे हे दहा लाखांत एक भाग मोजणे झाले!

खरी मेख

समुद्री माशांच्या शरीरात ट्रायमिथाइल अमाइन ऑक्साइड नावाचे द्रव्य असते. मासा मेल्यावर काही जातींत त्याच्यापासून आपोआप फॉर्माल्डिहाइड बनते. आपला बोंबील याचे ठळक उदाहरण आहे. म्हणून 'सापडले' एवढ्यावर कोणी भेसळ केली असे ठरत नाही, आणि 'नैसर्गिक आहे' एवढ्यावर विषयही संपत नाही. त्याच जातीच्या ताज्या माशात किती असते, याच्याशी तुलना करावी लागते. आकडा, माशाची जात आणि तुलना, तिन्ही लोकांसमोर ठेवली तरच विश्वास बसतो.

पुढे मासळीची वाहने शीतरोधक असावीत आणि पुरवठादारांनी नोंदणी करावी, अशा अटी सरकारने घातल्या. पत्रादेवीमार्गे पेडण्यात मासळी आणणाऱ्या सिंधुदुर्गातील लहान विक्रेत्यांना त्या जड गेल्या. पेडण्याला निदान समुद्र तरी आहे, डिचोलीला तोही नाही. तिथल्या घरी मासळी येते ती बाजाराच्या भरवशावरच.

लक्षात ठेवा

माशी बसली नाही म्हणजे फॉर्मेलिन आहेच असे नाही, भरपूर बर्फातल्या मासळीवरही माशा कमीच बसतात. मासळी वाहत्या पाण्यात नीट धुवावी आणि पूर्ण शिजवावी. फॉर्माल्डिहाइड पाण्यात विरघळते, त्यामुळे त्याचे प्रमाण कमी होते, पण सगळे जाईलच अशी खात्री नाही.

स्वाध्याय

१. झटपट चाचणी आणि प्रयोगशाळेतील चाचणी यांत फरक सांगा.
२. बोंबील आणि बांगडा यांना एकच मर्यादा लावणे योग्य होईल का? कारण लिहा.
३. २५० ग्रॅम मांसात १ मिलिग्रॅम फॉर्माल्डिहाइड आढळले, तर प्रति किलोग्रॅम प्रमाण किती?