माध्यमिक-पूर्व विज्ञानवर्गात कर्करोग-प्रतिबंधाचा पाठ

वैद्यमित्रहो, निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी होय, हे आपण सारेच जाणतो. रुग्ण चिकित्सालयात येतो तोवर मात्र निदानसेवन बहुधा वर्षानुवर्षे झालेले असते. म्हणून ज्या वयात हेतुसेवन सुरू होते, त्याच वयात त्याविषयीचे शिक्षण द्यावे, या विचाराने इयत्ता सहावी ते आठवीच्या विज्ञानवर्गात घेता येईल असा एक पाठ येथे मांडीत आहोत.

हेच वय का?

भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग मुखाचा आहे व त्याचे प्रमुख कारण तंबाखू व सुपारी हे आहे. 2019 च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातील 13 ते 15 वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांपैकी 8.5 टक्के तंबाखूसेवन करणारे आढळले. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी वयाच्या दहाव्या वर्षापूर्वीच आरंभ केला होता. आपल्याकडे तर दाढ दुखली की घरातलीच मिश्री मुलाच्या हिरडीला लावली जाते. आठवीनंतर हा विषय घेणे म्हणजे उशीर करणे होय.

पाठाची मांडणी

एका तासिकेत पुढील तीन भाग सहज बसतात.

1. पेशीचे दर्शन. विज्ञानाच्या अभ्यासक्रमात पेशीचा पाठ असतोच. बोथट टूथपिकने गालाची आतील बाजू हलकेच खरवडून, काचपट्टीवर मिथिलीन ब्लूचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास पेशी व तिचे केंद्रक स्पष्ट दिसते. प्रत्येक मुलास स्वतंत्र टूथपिक द्यावी. पेशी ठराविक मर्यादेत विभागतात. केंद्रकातील जनुकांना वारंवार इजा झाली की हे नियंत्रण सुटते, एवढे सांगावे. गालात तंबाखूची गोळी धरणारा माणूस याच पेशींना रोज इजा करीत असतो, हे मुलांच्या चटकन ध्यानात येते.

2. आरशातील तपासणी. स्वतःची तीन बोटे उभी धरून ती मुखात जातात का, हे प्रत्येकाने पाहावे. सुपारीच्या सततच्या सेवनाने श्लेष्मल त्वचेखाली तंतुमयता येऊन तोंड उघडणे कमी होत जाते. पांढरा वा लाल चट्टा आणि दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण ही लक्षणेही शिकवावीत. वर्गात कोणाचे निदान करू नये. शंका आल्यास पालकांशी एकांतात बोलावे.

3. गणित. रोज 10 रुपयांची पुडी घेतल्यास वर्षाचे 3,650 रुपये होतात. या रकमेत घरात काय आले असते, याची यादी मुलांनी करावी.

मुलींच्या संदर्भात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा उल्लेख टाळू नये. हा रोग बहुतांशी एचपीव्ही विषाणूमुळे होतो व 9 ते 14 वर्षे या वयात प्रतिबंधक लस अधिक उपयुक्त ठरते, ही माहिती शिक्षिकेच्या साहाय्याने पालकसभेत द्यावी.

एक अवघड प्रश्न

तालुक्यातील एका शाळेत पाठ संपल्यावर सातवीतील मुलीने आम्हांस विचारले, "सर, माझी आजी रोज मिश्री लावते. ती मरणार का?" वर्ग स्तब्ध झाला. तोवर आम्ही भयावह चित्रे दाखवूनच बोलत असू. मुलाच्या मनात भीती पेरून आपण त्याला घरी पाठवतो व त्या भीतीचे काय करावे हे सांगत नाही, हा आमचाच दोष होता. आम्ही तिला म्हणालो, "बाळ, तसे होईलच असे नाही. पण आजीला दवाखान्यात तोंड दाखवायला घेऊन ये. सोडले तर आजही फायदा होतो." तेव्हापासून आम्ही चित्रे दाखवणे बंद केले आणि 'मूल हा घरचा न्यायाधीश नव्हे, निरोप्या आहे' हे सूत्र ठरवले.

आपली स्वतःची शुद्धी

शाळेत जाण्यापूर्वी काही गोष्टी आपणच तपासाव्यात.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात मुखात धारण करावयाच्या द्रव्यांत पूगफलाचा समावेश आहे. त्याचा आधार घेऊन सुपारीचे समर्थन करणारे आपल्यातही आहेत. परंतु आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली सुपारी ही तंबाखूविनाही मानवात कर्करोगकारक असल्याचे प्रसिद्ध केले. ग्रंथातील तांबूल व शाळेच्या फाटकाबाहेरची सुगंधी सुपारी यांत मात्रा, काल व सातत्य यांचे अंतर आहेच. तरीही मुलांपुढे सुपारी निर्दोष आहे असे म्हणू नये. तंबाखू तर पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली. तिला संहितांचा आधारच नाही.

औषधी दुकानदार बंधूंनी लक्षात ठेवावे की 1992 च्या अधिसूचनेने दंतमंजनांत तंबाखू वापरण्यास मनाई केली आहे. 2003 च्या कायद्याने 18 वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूजन्य पदार्थ विकणे आणि शाळेपासून 100 यार्डांच्या आत त्यांची विक्री करणे हा गुन्हा आहे. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यास बंदी आहे. मिश्री मागणाऱ्या गिऱ्हाइकास बाभूळ, खदिर वा त्रिफळा यांचे तंबाखूविरहित मंजन दाखवणे हेही प्रतिबंधाचेच कार्य होय.

शेवटचे व सर्वांत महत्त्वाचे. वर्गात औषधाचे नमुने वाटू नयेत व 'अमुक चूर्णाने कर्करोग बरा होतो' असे चुकूनही बोलू नये. कर्करोग बरा करण्याची जाहिरात 1954 च्या कायद्याने निषिद्ध आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे असे वाक्य ऐकून घरी गेलेले मूल पुढे बापाचा व्रण चूर्णावर ठेवील आणि बायोप्सीचा काळ निघून जाईल. सुश्रुताने तालुगत रोगांत अर्बुदाची गणना केली आहे आणि अर्बुद हे मंद वेदनेचे, हळू वाढणारे व न पिकणारे असते असे सांगितले आहे. दुखत नाही म्हणून थांबू नये, हा बोध त्यातूनच घ्यावा.

प्रत्येक सभासदाने वर्षातून एका शाळेत एक तासिका द्यावी व आपला अनुभव या त्रैमासिकाकडे लिहून पाठवावा, ही नम्र विनंती.