फ्रेंच बायकांकडे खरंच दहाच कपडे असतात का?

प्रश्न : माझी भाची मला सारखे व्हिडिओ पाठवत असते. त्यात सांगतात, की फ्रेंच बायकांकडे मोजून दहा कपडे असतात, ते वर्षानुवर्षं जुने वाटत नाहीत आणि काही खास न करता त्या रुबाबदार दिसतात. माझं कपाट उघडलं की कपडे अंगावर पडतात, तरी शाळेत जाताना ‘आज काय घालू?’ हे रोजचंच. हे दहाचं गणित खरं आहे का? आपल्याकडे जमेल का? आणि ते आडव्या पट्ट्यांचे टी-शर्ट माझ्यासारख्या पन्नाशीतल्या, भरल्या अंगाच्या बाईला शोभतील का?
– एक शिक्षिका, सांगली

उत्तर : तुमच्या पत्रात तीन शंका आहेत. त्यांतली दहाच्या आकड्याची सगळ्यात सोपी, म्हणून आधी तीच निकालात काढू.

हा आकडा फ्रेंच नाही, अमेरिकन आहे. जेनिफर स्कॉट नावाची कॅलिफोर्नियाची मुलगी शिकायला पॅरिसला गेली आणि तिथल्या एका घरंदाज कुटुंबात राहिली. त्या घरातली कपाटे लहान आणि कपडे बेताचे पाहून तिला नवल वाटले. पुढे या अनुभवावर तिने पुस्तक लिहिले, ते गाजले आणि ‘दहा कपडे’ हा मंत्र जगभर पसरला. पण हे दहा मोजताना तिने कोट, पादत्राणे, स्कार्फ, आतून घालायचे साधे टी-शर्ट आणि समारंभाचे कपडे बाजूला ठेवले आहेत. असे मोजायचे ठरवले तर ठेवणीतल्या साड्या, शाली आणि घरातले गाऊन वगळून तुमचेही कपाट पुष्कळ हलके होईल. मोजक्या, एकमेकांशी जुळणाऱ्या कपड्यांना ‘कॅप्सूल वॉर्डरोब’ म्हणतात, तीही कल्पना पॅरिसची नव्हे. १९७०च्या दशकात लंडनच्या सूझी फॉ या दुकानदार बाईंनी ती मांडली आणि १९८५ साली न्यूयॉर्कच्या डॉना कॅरन यांनी सात कपड्यांचा संच काढून लोकप्रिय केली. थोडक्यात, फ्रेंच बायकांनी कसे राहावे याचे नियम बहुतेक इंग्रज-अमेरिकनांनीच लिहिले.

कपड्यांचेही तसेच आहे. तुमच्या भाचीच्या व्हिडिओतला मळकट पिवळ्या रंगाचा, कमरेला पट्टा असलेला ट्रेंच कोट पाहा. त्याचे गॅबर्डिन कापड थॉमस बर्बेरी या इंग्रजाने १८७९च्या सुमारास काढले आणि पहिल्या महायुद्धात खंदकातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी तो कोट वापरला. जीन्स अमेरिकेतल्या मजुरांची. फ्रेंच शैलीची देवी मानली जाणारी जेन बर्किन जन्माने लंडनची, आखूड केसांची नटी जीन सिबर्ग अमेरिकेतल्या आयोवाची आणि शॅनेलचे फॅशनघर कित्येक वर्षे सांभाळणारे कार्ल लागरफेल्ड हॅम्बुर्गचे. पॅरिसमध्ये मोठ्या शिवणघरांची परंपरा सुरू केली तो चार्ल्स वर्थसुद्धा इंग्रजच. मग फ्रेंच काय उरले? उरली ती निवड. कामकऱ्यांचे, खलाशांचे, सैनिकांचे कपडे उचलायचे आणि ते शहरात, बायकांच्या अंगावर शोभतील असे बेतायचे, यात पॅरिसचा हात धरणारे कोणी नाही.

याचा उत्तम नमुना म्हणजे तुम्ही विचारलेला पट्ट्यांचा टी-शर्ट. २७ मार्च १८५८ रोजी फ्रेंच नौदलाने फर्मान काढून हा विणलेला सदरा खलाशांच्या गणवेशात घेतला. अधिकाऱ्यांसाठी तो नव्हता. फर्मानात मापेसुद्धा ठरवून दिली होती : अंगावर २१ पांढरे पट्टे, प्रत्येक २० मिलिमीटर रुंद, आणि त्यांच्यामध्ये निळीच्या रंगाचे निम्म्या रुंदीचे पट्टे. बाही मनगटाच्या वरच थांबायची, कारण हा सदरा आतून घालायचा होता आणि वरच्या डगल्याच्या बाहीतून तो डोकावता कामा नये. २१ पट्टे म्हणजे नेपोलियनचे २१ विजय, असे दुकानदार हौसेने सांगतात. ती दंतकथा आहे. पाण्यात पडलेला खलाशी पट्ट्यांमुळे पटकन दिसावा, हेही नेहमी सांगतात. पण जो सदरा डगल्याखाली झाकलेला असायचा, तो कितीसा दिसणार, हा प्रश्न उरतोच. अजून एक गंमत अशी, की हा ‘ब्रिटनीचा सदरा’ म्हणून जगभर विकला जात असला, तरी तो विणणाऱ्या दोन नावाजलेल्या कारखान्यांपैकी आर्मोर-लक्स तेवढा फ्रान्समधल्या ब्रिटनीतला. सेंट जेम्स शेजारच्या नॉर्मंडीतला आहे.

खलाशाच्या अंगावरून तो बाईच्या अंगावर आला, त्यामागे एक अडचण होती. कोको शॅनेलने पहिल्या महायुद्धाच्या आधी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर, दोव्हिल या श्रीमंतांच्या सुट्टीच्या गावी दुकान थाटले. युद्ध सुरू झाल्यावर चांगल्या कापडाची चणचण झाली. तेव्हा तिने जर्सी, म्हणजे आपण ज्याला होजिअरीचे कापड म्हणतो ते, बायकांच्या वरच्या कपड्यांसाठी वापरले. तोवर ते मुख्यतः पुरुषांच्या आतल्या कपड्यांसाठी वापरत. हे कापड ताणले जाते, अंगाबरोबर हलते आणि त्याला आत पोलादी पट्ट्यांचा आधार लागत नाही. पुढे ती स्वतः पट्ट्यांच्या सदऱ्यात छायाचित्रांतून दिसू लागली. पिकासोही दिसला. गरिबाचा गणवेश अशा रीतीने कलावंतांचा आणि मग पर्यटकांचा झाला.

पुरुषी कपडे बायकांनी घालणे आज सहज वाटते, तेवढे ते सहज घडलेले नाही. बाईला पुरुषासारखा पोशाख करायचा असेल तर पोलिसांची परवानगी काढली पाहिजे, असा हुकूम पॅरिसमध्ये १८०० साली निघाला होता. तो विस्मरणात गेला, पण कागदावर राहिला. शेवटी २०१३ साली फ्रेंच सरकारला जाहीर करावे लागले, की हा हुकूम आता लागू नाही. इव्ह सॅं लोराँ या फ्रेंच डिझायनरने १९६६ मध्ये पुरुषांचा मेजवानीचा काळा सूट बायकांसाठी शिवला, तेव्हा तो हुकूम कागदोपत्री होताच.

आता ‘काही न करता रुबाबदार दिसतात’ याकडे वळू. इथे मात्र त्या व्हिडिओंत तथ्य आहे, फक्त कारण चुकीचे सांगतात. ते रक्तात वगैरे काही नसते. पहिले कारण रंगांचे आहे. गडद निळा, काळा, पांढरा, साय-रंग, राखाडी एवढ्यातच खरेदी ठेवली, की वरचा कोणताही कपडा खालच्या कोणत्याही कपड्यावर चालतो. पाच वरचे आणि चार खालचे असले तर वीस जोड्या होतात. आपल्याकडे कुर्ता घेतला की त्याच्याच रंगाची सलवार आणि त्याचीच ओढणी येते. त्यामुळे वीस ड्रेस घेतले तरी जोड्या वीसच राहतात आणि एक ओढणी हरवली की एकोणीस. तुमच्या ‘आज काय घालू?’चे मूळ बहुधा इथे आहे.

दुसरे कारण फिटिंगचे, आणि माझ्या मते तेच मुख्य. कपडा स्वस्त आहे की महाग हे लांबून कळत नाही. पण खांद्याची शिवण खांद्यावर बसली आहे की दंडावर उतरली आहे, हे रस्त्यापलीकडूनही दिसते. शॅनेलच्या जॅकेटच्या आत, खालच्या दुमडीला लागून, पितळी साखळी टाचलेली असते. ती कोणाला दिसत नाही, पण तिच्या वजनाने जॅकेट सरळ पडते. हात वर करून खाली आणला तरी ते वर गोळा होऊन राहत नाही. म्हणजे बेफिकीर दिसण्यामागे कोणीतरी बरीच फिकीर केलेली असते. मग बाह्या दुमडणे, केस जरा विस्कटलेले ठेवणे, हे वरचे सोंग. आधी बाकी सगळे जागेवर असेल तरच ते शोभते, नाहीतर घाईत निघाल्यासारखे दिसते.

एक गैरसमज जाता जाता. सगळ्या फ्रेंच बायका थोडे, महाग आणि टिकाऊ घेतात असे मुळीच नाही. त्याही सेलची वाट पाहतात. तिथे मोठे सेल कायद्याने वर्षातून दोनदाच, चार-चार आठवडे लागतात आणि पहिल्या दिवशी दुकानांत झुंबड उडते. वापरलेले कपडे विकणारे व्हिंटेड हे ॲप तिथे घरोघरी आहे. शीनसारख्या अतिस्वस्त कपड्यांचा खपही इतका, की त्याला लगाम घालण्यासाठी २०२४ पासून त्यांच्या संसदेत विधेयकावर खल सुरू झाला. उलट, एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. २०२३च्या अखेरीपासून तिथे कपडे आणि बूट दुरुस्त करून घेतले तर बिलातून काही युरो वजा होतात. सूट मिळायला मान्यताप्राप्त शिंपी किंवा चांभार शोधावा लागतो. आपल्याकडे गल्लीच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या शिंप्याला अशा योजनेची गरज नाही, फक्त आपण त्याच्याकडे जाणे सोडत चाललो आहोत.

मग सांगलीत हे जमेल का? यादी जमणार नाही, रीत जमेल. यादी पॅरिसच्या हवेसाठी आहे. तिथे वर्षातले बरेच महिने थंडी असते, म्हणून एकावर एक कपडे चढवता येतात आणि तीनच कपड्यांतून निरनिराळे वेष होतात. एप्रिलमध्ये सांगलीत लोकरीचा स्वेटर खांद्यावर टाकून हिंडलात तर शाळेतली मुले काय म्हणतील ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक. ट्रेंच कोट रिमझिम पावसासाठी चांगला, आपल्या जुलैत तो चिंब भिजून जड होईल. चामड्याच्या पिशव्या आणि मखमली बुटांना आपल्या पावसाळ्यात बुरशी धरते. काळा रंग उन्हात तापतो, त्याऐवजी गडद निळा घ्या. सुती पॉपलिनचा पांढरा शर्ट किंवा कुर्ता, निळ्या रंगाच्या दोन विजारी, खादीचे एखादे जॅकेट आणि कशावरही चालतील अशा दोन-तीन ओढण्या, एवढ्यावर शाळेचा आठवडा निघतो. सुती कापड शिवायला टाकण्याआधी पाण्यातून काढा, म्हणजे नंतर आटणार नाही. तयार कपडा घेताना आतली चिठ्ठी वाचा. पॉलिएस्टरची भेसळ जास्त असेल तर घाम जिरत नाही आणि घासून घासून कापडावर गोळे येतात. शिंप्याला सांगून आत इंचभर माया ठेवून घ्या. पाच वर्षांनी अंग वाढले तर उसवून पुन्हा टीप मारता येते. बाजारातल्या बऱ्याच तयार कपड्यांत ही माया नसते, म्हणून ते एकदा घट्ट झाले की वाटूनच टाकावे लागतात.

आणि साडी? माप बदलले तरी साडी बदलावी लागत नाही, बदलावे लागते ते पोलके. कालबाह्य न होणारे वस्त्र शोधायला तुम्हाला पॅरिसला जायची गरज नाही. उलट पॅरिसकडून काय घ्यावे आणि काय नको, हे एका मराठी राजकन्येने कधीच दाखवून दिले आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची कन्या इंदिराराजे कूचबिहारच्या महाराणी झाल्या. १९२२ साली पती गेल्यावर त्यांनी पांढरा रंग धरला, पण जाड पांढऱ्या साड्यांऐवजी फ्रान्समध्ये शिफॉन विणून घेऊन त्याच्या साड्या नेसल्या. आपल्या राजघराण्यांत शिफॉनची साडी रूढ केल्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते. कापड तिकडचे घेतले, नेसणे इकडचेच ठेवले.

राहिली शेवटची शंका, आडव्या पट्ट्यांनी माणूस जाड दिसतो का? सरसकट तसे नाही. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच दाखवले होते, की सारख्या मापाचे दोन चौकोन काढून एकात आडव्या आणि दुसऱ्यात उभ्या रेघा मारल्या, तर आडव्या रेघांचा चौकोन उंच आणि उभ्या रेघांचा रुंद भासतो. अर्थात माणूस म्हणजे सपाट चौकोन नव्हे. पट्टे अंगावर ताणले गेले की वाकतात आणि मग जिथे झाकायचे तिथेच नजर जाते. म्हणून तुमच्या मापाहून किंचित सैल, बारीक निळ्या पट्ट्यांचा, जाडसर सुती टी-शर्ट घ्या. पन्नाशीचा विचार करू नका, शॅनेलचे पट्ट्यांच्या सदऱ्यातले प्रसिद्ध छायाचित्र तिने चाळिशी ओलांडल्यानंतर काढलेले आहे. दुकानात एवढेच पाहा, की बाजूच्या शिवणीवर पुढचा पट्टा मागच्या पट्ट्याला बरोबर जुळतो की नाही. जुळत नसेल तर कापताना घाई झाली आहे असे समजा आणि तो टी-शर्ट तिथेच ठेवून या.